ऊसतोडीला निघालेल्या बायांना अंतरा, छाया आणि पाळीच्या गोळ्या: काय सांगता, कधी सांगता?

डोंगरपट्टा_सीएचओ

नमस्कार. मी बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. जीएनएम झाल्यावर शहरातल्या वॉर्डात काम केलं, इकडे नवीन आहे. दसरा झाला की गाड्या भरायला लागतात. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक, जिथं मुकादमाची उचल घेतली असेल तिथं. त्याआधीच्या दिवसांत ओपीडीत बायांची रांग लागते आणि निम्म्या जणींचा विषय पाळणा लांबवायचा किंवा पाळीचा असतो.

चार जणींबद्दल विचारायचंय.

पहिली पंचवीस-सव्वीसची, दोन लेकरं, धाकटं अंगावर पिणारं, वर्षाच्या आतलं. स्वतःहून अंतरा, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून दर तीन महिन्यांनी घ्यायची सुई, मागायला आली. विचारते, "ह्या सुईनं पाळी बंद होती ना?" कारण सरळ आहे. फडात पाळीचे दिवस म्हणजे खाडा, आणि खाडा पडला की पैसे कापतात. मी सांगितलं की पाळी अनियमित होऊ शकते. तिनं मान हलवली. तिला काय कळलं ते मला कळलं नाही.

दुसरी सासूसोबत आली. पहिला डोस होऊन दोन महिने झालेत, पाळी आलेली नाही. सासू म्हणते, घाण रक्त पोटात साठलं, आता गाठ होईल, सुई उतरवून द्या.

तिसरीनं प्लास्टिकची पिशवी टेबलावर ओतली. माला-एन या रोजच्या गर्भनिरोधक गोळीचं अर्धं पाकीट, महालक्ष्म्यांच्या वेळी पाळी पुढे ढकलायला आणलेल्या गोळ्या, आणि एक तातडीची गोळी. ज्या दिवशी जी हाताला लागेल ती घेते. म्हणते, सगळ्या पाळीच्याच ना मॅडम.

चौथी चौतीस वर्षांची. गर्भपिशवी काढून पाच वर्षं झाली. अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं झोपमोड होते, हाडं दुखतात. दरवेळी कॅल्शियम घेऊन परत जाते. हिच्याशी हार्मोनच्या गोळ्यांबद्दल बोलावं का, आणि काय?

प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत माहिती सगळी आहे. पण रांगेत चाळीस जणी असताना तुम्ही कोणत्या शब्दांत सांगता? ज्यांनी वर्षानुवर्षं हे केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

---

एलएचव्ही_निवृत्त

अगं, चौघींतली पहिली सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण ती अजून सुई घ्यायची आहे. बाकीच्या तिघींना जे झाल्यावर समजावावं लागतंय ते हिला आधी सांगता येतं. अंतराबद्दल माझं एकच ठाम मत आहे: रक्तस्रावाचं सुईआधी सांगितलं तर बाई विश्वास ठेवते. तेच वाक्य सुईनंतर सांगितलं की ती त्याला सारवासारव समजते आणि दुसऱ्या डोसाला येत नाही.

आता नेमकं काय सांगायचं. "पाळी अनियमित होऊ शकते" हे वाक्य सोडून दे, त्यातून बाईला चित्र दिसत नाही. मी असं सांगायचे: "पहिले तीन ते सहा महिने कधी डाग, कधी पंधरा दिवसांनी थोडं अंगावरून, कधी महिना कोरडा. काही ठरलेलं नसतं. पुढे हळूहळू कमी होत जातं. वर्ष झालं की साधारण निम्म्या बायांची पाळी येत नाही, निम्म्यांची थोडीफार येत राहते. सुई सोडली की पाळी परत येते." आणि लगेच, "पाळी बंद करायला ही सुई घेऊ नकोस. दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची असेल तर घे."

मग तुझ्या भागातल्या बायांसाठी खरा प्रश्न येतो तो वेळेचा. ऑक्टोबरात पहिला डोस दिलास तर डाग पडण्याचे महिने कुठे येतात? नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. म्हणजे पाचटाच्या खोपीत, जिथं संडास नाही, धुवायला पाणी नाही, पहाटे चारला कोयता हातात. जी बाई खाडा टाळायला सुई घेते तिला नेमक्या त्याच महिन्यांत त्रास होतो, आणि ती तिथल्या सगळ्या खोप्यांत सांगते की सुई वाईट. म्हणून पहिला डोस पावसाळ्यात द्यायचा. जूनमध्ये माणसं गावात असतात, पेरणीच्या गडबडीतही घरी असतात. जुलैच्या सुरुवातीला पहिला, ऑक्टोबरात निघण्याआधी दुसरा. अवघड महिने घरात जातात, आणि नाहीच जमलं तर गाडीत बसायच्या आधी पद्धत बदलता येते.

कारखान्यावर मग एकच सुई राहते. समज दुसरा डोस २० ऑक्टोबरला दिला. पुढचा २० जानेवारीला. दोन आठवडे आधी चालतो, चार आठवडे उशिरा चालतो, म्हणजे ६ जानेवारी ते १७ फेब्रुवारी. बाईला "जानेवारीत घे" असं सांगू नकोस. "संक्रांतीला घे, चुकली तर महिन्याच्या आत घेच" असं सांग. संक्रांत कोणीच विसरत नाही. कार्ड दाखवलं की जवळच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात सुई मिळायला हवी, हेही सांग, कारण बायांना वाटतं आपलं कार्ड आपल्याच गावात चालतं. त्यानंतरची सुई एप्रिल-मेमध्ये येते तेव्हा ती घरी असते.

आता तुझ्यासमोर यंदा जी बसली आहे तिचं काय? तिची पाळी अजून सुरू झाली नसेल तर आधी निश्चय किटवर (दिवस आहेत का ते बघायचं किट) तपासणी, अंगावर पाजणाऱ्या बायांना पाळी न येताही दिवस राहतात. मग दोन पर्याय सांग आणि निवड तिच्यावर सोड. एक, डाग पडतील हे पक्कं माहीत असूनही तिला सुईच हवी असेल तर मेडिकल ऑफिसरांकडून तपासणी करून दे, नाही म्हणू नकोस. बाळ सहा आठवड्यांच्या वरचं असेल तर पाजतानाही अंतरा चालते. दोन, छाया, ही गर्भनिरोधक गोळी. तीही पाजणाऱ्या आईला चालते, सुईसाठी दवाखाना शोधायला नको, आणि सहा महिन्यांना साधारण चाळीस गोळ्या लागतात, त्या इथूनच देता येतात. तांबीचं (कॉपर-टीचं) मी निघायच्या तोंडावर सुचवत नसे. तांबी उत्तम आहे, ३८० ए दहा वर्षं चालते, पण पहिले काही महिने अंगावरून जास्त जातं, पोटात कळा येतात, म्हणजे तीच अडचण. तांबीसाठी एप्रिल-मे.

छायेची पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. पाळी सोमवारी आली तर सोमवार आणि गुरुवार. मी वारांना देव जोडून द्यायचे, "महादेवाचा सोमवार आणि दत्ताचा गुरुवार", उपास लक्षात राहतो तशी गोळीही राहते. तीन महिन्यांनी नुसता महादेव. पाळी निघायच्या आधी आलीच नाही, तर दिवस नाहीत याची खात्री करून गोळ्या आणि निरोध दोन्ही दे. पाळी येईपर्यंत निरोध, आली की गोळी. गोळी चुकली आणि सात दिवस व्हायच्या आत आठवलं तर लगेच घ्यायची आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा. सात दिवसांच्या वर गेलं तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा. पाळी लांबू लागते हे आधी सांग. पंधरा दिवसांपेक्षा जास्त लांबली तर निश्चय किट. कावीळ होऊन गेली का, बीजकोषात गाठी आहेत का, हे आधी विचार, असेल तर छाया नको.

पुढच्या वर्षी मूल हवं असेल तर अंतरा देऊ नकोस. शेवटच्या सुईपासून दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, आणि तेवढा वेळ घरात वाट बघितली जात नाही. दोष सुनेवरच येतो.

सांगून झालं की "कळलं का" विचारू नकोस, मान हलवतातच. मी विचारायचे, "तुझ्या जावेला हे कसं सांगशील, मला सांगून दाखव." एकदा एक बाई म्हणाली, "सुई घेतली की पाळी जाती आणि मग लेकरूच होत नाही." दहा मिनिटांच्या सांगण्यातून तिनं एवढंच उचललं होतं. मग फक्त तेवढंच दुरुस्त केलं: सुई सोडली की पाळी येते, लेकरू होतं. तिच्या तोंडून परत वदवून घेतलं. चाळीस जणींच्या रांगेत एवढा वेळ निघतो. नाही काढला तर तीच बाई महिन्यानं दुप्पट वेळ घेते.

---

गटप्रवर्तक_ताई

एलएचव्ही ताईंनी वेळेचं सांगितलं ते सोन्यासारखं आहे. आम्ही आशांच्या बैठकीत आता जूनमध्येच यादी करायला सांगतो, कोण कोयत्याला जाणार आणि कुणाचं लेकरू लहान आहे.

मॅडम, तुमच्या दुसऱ्या बाईच्या सासूशी भांडू नका. तिची भीती खरी आहे, तिला कोणी सांगितलेलंच नाही. पण आधी किट. दोन महिने पाळी नाही म्हटल्यावर एकदा तपासून सासूसमोर एक रेघ, म्हणजे दिवस नाहीत, हे दाखवा, निम्मी भीती तिथेच जाते. सूनही शांत होते, तिच्याही मनात तेच असतं.

मग सासूलाच विचारायचं, "मावशी, तुमची लेकरं अंगावर पीत होती तेव्हा तुम्हाला किती महिने पाळी नव्हती?" कुणी आठ सांगते, कुणी वर्ष-दीड वर्ष. "तेव्हा रक्त कुठं साठलं होतं?" हे ऐकून म्हातारी गप्प बसते, विचार करते. मग सांगायचं की पिशवीच्या आत दर महिन्याला जो थर धरतो तो सुईमुळे पातळच राहतो. थरच धरला नाही तर बाहेर काय पडणार? साठायला काही नसतंच. दिलेली सुई उतरवता येत नाही, तिचा असर आपोआप कमी होतो, हेही स्पष्ट सांगा, नाहीतर त्या उतारा शोधत भोंदूकडे जातात.

सून घरी गेल्यावर काय करते तेही बघा. सुई टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. आमच्याकडे सुई घेतली की दंड चोळायची इतकी सवय आहे की बाई खुर्चीतून उठायच्या आधीच हात जातो. मी तो हात धरून ठेवते. घरी गेल्यावर सासू प्रेमानं तव्यावर फडकं गरम करून शेक देते. चोळलं, शेकलं की औषध लवकर पसरतं आणि तीन महिने पुरत नाही. म्हणून शेक नको हे सासूलाच सांगायचं, ती लक्षात ठेवते.

आणि एक. बाईशी आधी एकटीशी बोला. सासूला, नवऱ्याला आत घ्यायचं की नाही ते बाईनं ठरवायचं. नवऱ्याची सही कुठल्याच साधनाला लागत नाही, ऑपरेशनलाही नाही. काही जणी घरात न सांगता अंतरा घेतात. त्यांचं कार्ड आशा ठेवते, आणि बाहेरगावी जाणारीच्या बाळाच्या लसीकरण कार्डावर मागच्या बाजूला आम्ही नुसती तारीख लिहून देतो. कोणी बघितलं तरी बाळाच्या डोसाची वाटते. ती तारीख आली की तिनं आशाला फोन करायचा, आशा सुईचं नाव आणि मागची तारीख तिथल्या सिस्टरना फोनवर सांगते.

---

मेडिकलवाला_केज

मी औषध दुकान चालवतो, पिशवीतल्या गोळ्यांबद्दल दोन शब्द. गौरी-गणपतीच्या आधी आणि आषाढी वारीच्या आधी आमच्याकडे पाळी पुढे ढकलण्याच्या गोळीची विचारणा सुरू होते. ती नॉरेथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम. डॉक्टर साधारण पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून दिवसातून तीन वेळा देतात, बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. बहुतेकींना वाटतं की ही घेतली म्हणजे दिवस राहत नाहीत. हे चूक आहे, आणि हे त्यांना काउंटरवर कोणी सांगत नाही. मी पाकिटावर पेनानं लिहितो, "ह्याने दिवस थांबत नाहीत". पाळी आली नाही तर दिवस आहेत का हे आधी बघावं लागतं.

पायात किंवा छातीत रक्ताची गुठळी होऊन गेली असेल त्या बाईला ही गोळी नको. मी चिठ्ठीशिवाय देत नाही. चिठ्ठी असली तरी गुठळीबद्दल आणि लिव्हरबद्दल विचारतो. चार लोकांसमोर बाई बोलत नाही, म्हणून तुमच्याकडे ओपीडीतच हे विचारलं गेलं तर फार बरं.

माला-एन नियमित घेणारीला सणासाठी ही वेगळी गोळी लागतच नाही. पाकिटातल्या २८ गोळ्यांपैकी २१ हार्मोनच्या आणि शेवटच्या ७ लोहाच्या. त्या सात वगळून नवीन पाकीट लगेच सुरू केलं तर पाळी पुढे जाते. तातडीची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत एकदाच, जितकी लवकर तितकी बरी, आणि ती दर आठवड्याची पद्धत नव्हे.

---

एलएचव्ही_निवृत्त

वरच्या भाऊंनी छान सांगितलं. त्याला जोडून: पिशवी ओतणाऱ्या बाईला गोळ्यांची नावं शिकवत बसू नकोस. तिला एकच साधन निवडू दे, बाकीच्या पट्ट्या तिच्या देखत बाजूला काढ आणि निवडलेली एकच तिच्या हातात दे. अर्ध्या पाकिटावर आणि कधीतरीच्या गोळीवर ती आत्ता सुरक्षित नाही, त्यामुळे इथंही आधी किट.

माला-एन देण्याआधी बीपी घे, न चुकता. १४०/९० किंवा वर असेल तर नको. बाळ अंगावर पिणारं आणि सहा महिन्यांच्या आतलं असेल तर नको. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकतं का, विचार. मिशरीचंही विचार, पण बोट दाखवून नाही. "मिशरी दिवसातून किती वेळा?" असं विचारलं की खरं उत्तर येतं.

आणि टीबीचं औषध. आपल्या भागात हे विसरून चालत नाही. रिफाम्पिसिन सुरू असेल तर माला-एनचा असर कमी होतो आणि बाई रोज नेमानं गोळी घेऊनही दिवस राहू शकतात. अंतराला ती अडचण नाही. टीबीच्या यादीतल्या बायांना गोळी सुरू आहे का, हे स्वतःहून विचारत जा.

---

स्त्रीरोग_वॉर्ड_सिस्टर

चौथ्या बाईसाठी लिहिते. मी जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करते आणि अशा बाया आमच्याकडे नेहमी येतात. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्यांचा विषय विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि सर्वेक्षण झालेल्या ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. चर्चा ऑपरेशनांची झाली, ती व्हायलाच हवी होती. पण त्या बायांचं पुढचं आयुष्य आपल्या ओपीडीत बसलेलं आहे आणि त्यांना कॅल्शियमवर परत पाठवणं मला पटत नाही.

पहिलं काम म्हणजे डिस्चार्ज कार्ड मागवणं. नुसती पिशवी काढली की दोन्ही बीजकोषही काढले, हे त्यावर असतं. बाईला हे बहुतेकदा माहीत नसतं, "सगळं काढलं" एवढंच ती सांगते. कार्ड हरवलं असेल तर सोनोग्राफीला पाठव. बीजकोष काढले असतील तर एकोणतिसाव्या वर्षी तिची रजोनिवृत्ती एका दिवसात झाली. वाफा, घाम, झोप न लागणं, चिडचिड, संबंधाच्या वेळी कोरडेपणा आणि आग, सारखी लघवी, हे सगळं त्यातूनच. हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. इतक्या लवकर बीजकोष गेले असतील आणि दुसरं कारण आड येत नसेल तर नैसर्गिक वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, हार्मोन देणं हाच सल्ला असतो. ते स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील. तू वाट दाखवायचीस. बीजकोष ठेवले असतील तरी लवकर थकू शकतात, त्यामुळे त्या बाईलाही पाठवच.

तिला काय सांगायचं? "तुझ्या अंगात जे तयार व्हायचं ते बंद झालंय, ते बाहेरून देतात. पिशवी नसल्यामुळे तुला एकच औषध लागेल. पिशवी असलेल्या बाईला सोबत दुसरंही लागतं, नाहीतर पिशवीचा थर वाढत जातो." म्हणून जावेची गोळी हिला आणि हिची जावेला चालत नाही, हे मी मुद्दाम बोलते, कारण औषधं घरात वाटून घेतली जातात. पाठवण्याआधी विचार: स्तनाचा कर्करोग, पायात गुठळी, कावीळ, पक्षाघात, कधी झालाय का? औषध सुरू झाल्यावर एकच पाय सुजून दुखला, छातीत दुखलं, दम लागला, एकदम डोकं फुटेल असं दुखलं किंवा दिसायला कमी झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना. फडावर असली तरी. मुकादमाला काय सांगायचं हे तिच्यासोबत आधीच ठरवते मी: "छातीत दुखतंय" एवढं पुरे, पाळीचं, पिशवीचं बोलायची गरज नाही.

पाळी जाऊन वर्ष झालेल्या आणि पिशवी असलेल्या कुठल्याही बाईला परत एक डाग जरी दिसला तरी तपासणी हवीच. वयानं होतं असं म्हणून सोडू नकोस.

---

डोंगरपट्टा_सीएचओ

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना आज परत बोलावलं होतं. किटवर एक रेघ आली. लेकरं अंगावर पीत असतानाचा प्रश्न विचारला तर म्हणाल्या, "मला तर थोरल्याच्या वेळी दोन वर्षं नव्हती." सून पहिल्यांदा हसली. पुढची सुई निघायच्या आधीच येते, दोन आठवड्यांची सवलत धरून तारीख काढून दिली. शेकायचं नाही हे सासूबाईंनी माझ्याआधी सुनेला बजावलं.

पहिलीला जावेला सांगून दाखवायला लावलं. तिनं छाया निवडली. किट केलं, पाळी कालच आली आहे, म्हणजे बुधवार आणि शनिवार.

चौथीचं कार्ड नवऱ्याच्या पेटीत सापडलं, त्यावर इंग्रजीत दोन्ही बीजकोष काढल्याचं लिहिलंय. तिला कुणीच सांगितलं नव्हतं. एक विचारायचं राहिलं, वॉर्ड सिस्टर: गाडी पुढच्या आठवड्यात निघते. आत्ता औषध सुरू झालं तर सहा महिने तपासणीविना राहील का?

---

स्त्रीरोग_वॉर्ड_सिस्टर

उद्याच पाठव, सोबत आशा असेल तर उत्तम, कार्ड विसरू नका. बीपी, वजन, स्तनांची तपासणी आणि रक्ताच्या तपासण्या एका दिवसात होतात. औषध सुरू करून साधारण तीन महिन्यांनी एकदा दाखवावं लागतं, ते ती जाणार आहे तिथल्या सरकारी रुग्णालयातही होईल. गाव कुठलं आहे ते विचारून ठेव, मी डॉक्टरांकडून तिथल्या स्त्रीरोग विभागाच्या नावानं चिठ्ठी घेऊन देते, मराठीत. कर्नाटकात जाणार असेल तर मात्र इंग्रजीत लागेल.